कणकवली ते ठाणे, भर जुलैत: कोकण रेल्वेच्या पावसाळी सेवेबद्दल

आधी गुण सांगून टाकतो: पाचपैकी साडेचार. गाडी मांडवी एक्स्प्रेस, कणकवली ते ठाणे, स्लीपर, भर जुलै. अर्धा गुण राखून ठेवलाय, तो कशासाठी ते पुढे येईलच.

पावसाळा लागला की कोकण रेल्वेबद्दल एकच सूर ऐकू येतो. गाडी रखडते, मध्येच उभी राहते, कधी पोहोचेल याचा नेम नाही. माझी मुलगी ठाण्याला असते, तीही दर वर्षी फोनवर हेच म्हणते, "बाबा, या दिवसांत कशाला निघता? गणपती झाले की या ना." मी ऐकत नाही. माझं म्हणणं उलट आहे. पावसाळ्यात कोकणातून वर जायचं तर रेल्वेच धरावी, आणि ती हळू चालते म्हणूनच धरावी.

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, घाटरस्त्यांवर गेली. रात्री-अपरात्री निरोप यायचा, दरड आली, रस्ता बंद. जेसीबी घेऊन जायचं, माती उपसायची आणि उपसताना सारखी मान वर करून डोंगराकडे बघत राहायचं, कारण एकदा सुटलेला उतार दुसऱ्यांदा सुटायला वेळ लावत नाही. ती सवय अंगात मुरली आहे. लोक खिडकीतून धबधबे बघतात, मी कटिंग बघतो, म्हणजे रूळ न्यायला डोंगर कापलेली जागा. तेव्हा हा अभिप्राय गाडीपेक्षा गाडीच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांबद्दल जास्त आहे, हे समजून वाचा.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. वर्षानुवर्षं ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असं चालायचं. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं आखडतं केलं. या काळात गाड्यांचा वेग मुळातच कमी ठेवतात, आणि पाऊस इतका कोसळू लागला की पुढचं दिसेना, तर लोको पायलटला ताशी 40 किलोमीटरच्या वर जायची मुभा नाही. म्हणजे आपण ज्याला "लेट" म्हणतो, त्यातला मोठा भाग लेट नसतोच. तो आधीच ठरवून, छापून दिलेला वेळ असतो.

40 च का, याचा हिशेब सोपा आहे. ताशी 100 ने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 28 मीटर पुढे जाते, 40 ने जाणारी 11 मीटर. पण खरा फरक ब्रेक लागल्यावर पडतो. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग अडीचपट झाला की ते अंतर सव्वासहापट होतं. कोकणातल्या वळणावर, दोन्ही बाजूंनी कातळ उभा, समोर पावसाचा पडदा, इंजिनाच्या दिव्याला दिसतं ते एवढंसं. रुळावर दगड पडलेला असेल तर तो दिसल्यावर गाडी थांबली पाहिजे, आणि तेवढ्या अंतरात थांबायचं असेल तर वेग कमीच हवा.

आणि ही काळजी कागदावरची नाही, ती माणसं गमावून आलेली आहे. 22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली विशेष गाडी वैभववाडीजवळच्या कटिंगमध्ये रुळावर आलेल्या दगडांवर आदळली. 50 हून अधिक प्रवासी गेले. वर्ष सरत नाही तोच, 16 जून 2004 ला, मत्स्यगंधा एक्स्प्रेस महाडच्या बाजूला करंजाडीजवळ तशीच दगडांवर आदळून घसरली, डबे पुलावरून खाली गेले. आम्हा कणकवलीकरांना वैभववाडीची ती रात्र विसरता येत नाही. आजही मांडवी वैभववाडी रोडला थांबते तेव्हा डब्यातली जुनी माणसं एकमेकांकडे बघतात, कोणी ना कोणी नव्या प्रवाशाला ती गोष्ट सांगतो.

या दोन्ही तारखा जूनच्या आहेत, याकडे लक्ष द्या. माझ्या अनुभवात दरडींचे दोन हंगाम असतात. पहिल्या पावसात सुटतात ते दगड. उन्हाळाभर तापून फटी रुंद झालेल्या असतात, फटीतली माती भुसभुशीत झालेली असते, पहिली जोरदार सर आली की ती धुपून जाते आणि दगड निसटतो. याला फार दिवसांचा पाऊस लागत नाही. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र दगड नाही, डोंगर येतो. आठवडाभर संततधार लागून जमीन आतपर्यंत भिजलेली असते आणि त्यावर एखाद्या दिवशी ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो. दरडीखाली गेलेली गावंच घ्या. माळीण 30 जुलै 2014. तळीये 22 जुलै 2021. इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तारखा शेजारी शेजारी लिहून बघितल्या तरी कळतं. तळीये ज्या पावसात गेलं, त्याच पावसात डोंगराच्या वरच्या अंगाला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला होता.

आता खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे येतो. कणकवली सोडून गाडी उत्तरेला लागली की कटिंगच्या भिंती नीट बघा. सगळ्यात वर जांभा, म्हणजे आपला चिरा: तांबडा, भोकाभोकांचा. पाणी त्यातून सरळ खाली उतरतं, अंगावर थांबत नाही. त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी पिवळट, पांढरट, गुलाबीसर मऊ मातीचा थर लागतो. शेडी. बोटावर घेऊन चोळली तर साबणासारखी बुळबुळीत लागते. आणि त्याखाली काळा कातळ. वरून झिरपलेलं पाणी शेडीपाशी येऊन अडतं, कारण ती पाणी पटकन पुढे सोडत नाही. कटिंगच्या भिंतीवर ही रेघ डोळ्यांना दिसते. जांभा जिथे संपतो तिथून पाण्याच्या बारीक धारा आडव्या ओळीत गळत असतात, आणि त्या ओळीखाली शेवाळ असतं. पाणी माती जड करतं हे खरं, पण घात ते आतून करतं. मातीच्या कणाकणांत शिरून त्यांना एकमेकांपासून ढकलतं, त्यांची आपसातली पकड जाते, आणि वरचा अख्खा जांभ्याचा थर त्या बुळबुळीत थरावरून घसरायला मोकळा होतो. त्यातच आपण कटिंग करून उताराचा पायथा कापून नेलेला असतो. ज्याच्या आधारावर वरचं वजन उभं होतं तेच काढलं, तर वरचं कशावर राहणार?

काळ्या कातळाचं दुखणं वेगळं. तो जिथे झिजायला लागतो तिथे कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. बाहेरच्या पापुद्र्यांची माती होते, आतला गाभा गोल, घट्ट, जसाच्या तसा राहतो. असे गोल धोंडे मुरमात रुतून बसलेले आडवली-विलवडेच्या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतील. भोवतीचा मुरूम धुपला की धोंडा आपल्या वजनाने निघतो. त्याला थोपवायला कोणाची ताकद नसते. त्याला धरून ठेवावं लागतं, नाहीतर आधीच उतरवून घ्यावं लागतं.

कोकण रेल्वेने 2003-04 नंतर नेमकं हेच केलं आणि ते खिडकीतून बघता येतं, म्हणून मी सांगतो की तिकिटाचे पैसे इथे वसूल होतात. उभे उतार मागे घेऊन आडवे केले, मध्ये पायऱ्या सोडल्या, म्हणजे वरून आलेलं पहिल्या पायरीवर अडेल. सुटे धोंडे फोडून काढले. जिथे काढता येत नव्हते तिथे भिंतीवर लोखंडी जाळ्या अंथरून वरून बोल्ट ठोकले. काही ठिकाणी सिमेंटचा फवारा मारला. मातीच्या उतारांवर वाळा लावला. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती शिवून धरतात. रस्त्यावर आम्ही हे शिकलो ते फार नंतर.

माझी नजर मात्र सगळ्यात आधी माथ्यावरच्या गटारांकडे जाते. कटिंगच्या वरच्या कडेला, थोडं मागे, आडवं गटार असतं. डोंगराचं पाणी भिंतीवर यायच्या आधीच ते बाजूला काढून ओढ्याला देतं. हे गटार पाल्याने किंवा मातीने बुजलं, तर खालची जाळी, बोल्ट, भिंत सगळं फुकट. संरक्षक भिंतीचंही तसंच. भिंतीला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची भोकं असतात, त्यांतून पाणी गळताना दिसलं की मला बरं वाटतं. भर पावसात कोरडी ठणठणीत भिंत दिसली, तर समजावं की पाणी मागे तुंबलंय. या खेपेला रत्नागिरी ते चिपळूण मी जितक्या भिंती बघितल्या त्या गळत होत्या. माझ्या लेखी हे मोठं प्रशस्तिपत्र आहे.

रत्नागिरीच्या अलीकडे निवसर आणि पोमेंडी येतं. इथली जमीन फार नाठाळ. मातीचे जाड थर आहेत, पाणी लागलं की सरकतात, आणि या पट्ट्याने रेल्वेला पूर्वी पुष्कळ छळलंय. 2011 च्या पावसाळ्यात पोमेंडीला दरड येऊन मार्ग बंद पडला होता. गाडी इथून जाताना मला स्वतःला थोडं आवंढा गिळायला होतंच. मग पानवल नदीचा पूल येतो, 64 मीटर उंच. त्यावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र बसवलंय. वारा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की गाडी पुलावर घेत नाहीत. तसंच पाऊस मोजायची आपोआप नोंद करणारी यंत्रं माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशी ठिकठिकाणी आहेत, आणि काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. बेलापूर, रत्नागिरी आणि मडगावचे नियंत्रण कक्ष पावसाळाभर दिवसरात्र जागे असतात.

पण यंत्रांपेक्षा माझा भरवसा माणसांवर. विन्हेऱ्याला गाडी क्रॉसिंगला उभी होती. पाऊस जरा उघडला म्हणून मी दारात आलो, तर खाली एक तरुण ट्रॅकमन उभा. डोक्यापासून घोट्यापर्यंत रेनकोट, खांद्याला पिशवी, हातात दिवा, कमरेला वॉकीटॉकी. मी विचारलं, "बीट कुठवर रे तुझी?" त्याने हात करून बोगद्याकडे दाखवलं. "तिथपर्यंत जायचं काका, तिथे पलीकडून दुसरा येतो. तो भेटला, त्याच्या वहीत सही झाली, की मग मागे फिरायचं." तो नाही आला तर? "तर पुढे चालत जायचं. नाही आला म्हणजे तिथे काहीतरी झालंय." मी पिशवीत काय म्हणून विचारलं तर त्याने उघडून दाखवली. लाल झेंडा, शिट्टी आणि रुळाला बांधायचे फटाके. समोर दरड दिसली की गाडी येते त्या दिशेला धावत जाऊन हे रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक गेलं की आवाज होतो आणि लोको पायलट ब्रेक मारतो. फटाक्यांची पुडी त्याने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून ठेवली होती, पाण्याचा थेंब लागू नये म्हणून.

रात्री दोन वाजता, अशा पावसात, बोगद्यापर्यंत एकटं चालत जाणारा हा मुलगा आहे म्हणून आपण वरच्या बर्थवर झोपतो. पावसाळ्यात अशी शेकडो माणसं मार्गावर असतात, धोक्याच्या जागी तर चोवीस तास पहारा असतो. गाडी उशिरा आली म्हणून स्टेशनवरच्या माणसावर ओरडायच्या आधी हे एकदा आठवावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

हे सगळं करून दरडी थांबल्या का? नाही. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ माती रुळावर आली आणि मार्ग सुमारे दिवसभर बंद राहिला. त्याच्या चार वर्षं आधी, ऑगस्ट 2020 मध्ये, पेडण्याच्या बोगद्यात भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या महिनाभराहून अधिक काळ दुसऱ्या मार्गाने न्याव्या लागल्या. पण दिवाणखवटीला गाडीवर दरड आली नाही, दरड आली म्हणून गाडी थांबवली गेली. या दोन वाक्यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. कोकणातल्या डोंगरांत दरड कोसळणारच नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ती कोसळेल तेव्हा खाली माणूस नसावा, एवढंच आपल्या हातात आहे.

रस्त्याशी तुलना करतो, कारण "त्यापेक्षा गाडी काढून जाऊ" असं पुष्कळ जण म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात डोंगर रुंद कापावा लागतो आणि कापलेला चेहरा ताजा असतो; त्याने अजून पुरेसे पावसाळे बघितलेले नसतात. परशुराम घाटाचं सगळ्यांना माहीत आहे. 2022 च्या उन्हाळ्यात कामासाठी तो रोज काही तास बंद ठेवावा लागला होता, आणि खाली पेढे गाव आहे म्हणून तिथे काम करणं आणखी अवघड. 16 जुलै 2024 ला खाली कर्नाटकात, अंकोल्याजवळच्या शिरूरला, याच 66 क्रमांकाच्या महामार्गावर कापलेला डोंगर आला. रस्त्याकडेचं चहाचं हॉटेल, थांबलेली वाहनं, सगळं गंगावळी नदीत गेलं. रस्त्यावर प्रत्येक गाडीवाला आपल्या मर्जीने धावतो आणि आपल्या मर्जीने थांबतो, बहुतेक वेळा नेमका कटिंगच्या खाली, फोटो काढायला. रेल्वेत तुमच्या वतीने कोणीतरी ठरवत असतो की आता पुढे जायचं की नाही.

उशिराची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, हेही मान्य करायला हवं. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला तीन तास इकडे-तिकडे झाले तर चालतं. पण परळला टाटा किंवा केईएमची तारीख घेऊन निघालेलं कुटुंब, एका दिवसाचा खाडा परवडत नाही असा माणूस, यांचं काय? अशांनी एक दिवस आधी निघावं हे सांगणं सोपं, मुंबईत एक रात्र काढायची सोय सगळ्यांकडे नसते. यावर खरा उपाय दुहेरी मार्गाचा. रोहा ते वीर 2021 साली दुहेरी झालं, पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. मात्र दुहेरी करायचं म्हणजे पुन्हा कटिंग, पुन्हा बोगदे, पुन्हा ताजे कापलेले चेहरे. घाई करण्यासारखं काम नव्हे ते.

खाण्याचं थोडक्यात. मांडवीचं खाणं नावाजलेलं आहे आणि ते खरं आहे. पावसात गरम कटलेट आणि वर चहा, यापुढे मला काही लागत नाही. डबा स्वच्छ होता, पंखे चालू होते, खिडकीची काच वर-खाली होत होती.

आता तो राखलेला अर्धा गुण. तो दोन गोष्टींसाठी आहे. एक, पाऊस मोजायची यंत्रं आहेतच, तर त्यांचा आकडा स्टेशनच्या फलकावर लावावा: आज सकाळपासून इतके मिलिमीटर, गाड्या 40 ने चालतील. प्रवाशाला कारण कळलं की तो समजून घेतो. दोन, आणि ही रेल्वेच्या एकट्याच्या हातातली गोष्ट नाही. रेल्वेची हद्द कटिंगच्या कडेपर्यंत. त्याच्या वरचा डोंगर कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. तिथे जेसीबी लावून कलमांसाठी उतार सपाट केला, किंवा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, चिरेखाण काढून ती तशीच उघडी सोडली, की खाणीत पावसाचं तळं साचतं आणि ते पाणी जांभ्यातून खाली, थेट शेडीवर उतरतं. खाली कितीही जाळ्या मारा. खाणवाले, बागायतदार, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि रेल्वे यांनी मे महिन्यात एकदा एकत्र माथ्यावर फिरून यावं, बुजलेली गटारं आणि उघड्या खाणी बघून घ्याव्यात. मी बोलावलं तर नक्की येईन, फुकट येईन.

ज्यांची घरं कटिंगच्या वर किंवा डोंगराच्या पोटाशी आहेत त्यांना जाता जाता: जमिनीला कमानीसारखी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर सामान आवरत बसू नका. माणसं आणि गुरं घेऊन आधी बाहेर पडा, मग तलाठ्याला फोन करा.

तिकिटाबद्दल: जुलैतलं आरक्षण गणपतीच्या मानाने सहज मिळतं. मुंबईकडे जाताना डोंगर बघायचा असेल तर उजवी बाजू घ्या, सह्याद्री त्या अंगाला राहतो. औषधं, पाण्याची बाटली आणि एका जेवणाचा डबा जास्तीचा ठेवा. उतरल्यावर पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये निदान चार-पाच तास मोकळे सोडा, आणि निघायच्या आधी गाडी कुठे आहे ते बघून मगच घरातून बाहेर पडा.